दक्षिणेकडे वळवलेला पाट

आमच्याकडे जंगल नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या दिवसांत पेपरात रोज ‘घनदाट जंगल’ छापून यायचं आणि ते वाचून माझं डोकं फिरायचं. होटगीवरून अक्कलकोटच्या अंगाला चालत सुटा. मुरमाड माळ, चार बाभळी, बोरीच्या जाळ्या, तरवड, निवडुंग आणि दिवाळीनंतर आटत जाणारा ओढा. शेळी चुकली तरी लांबून दिसते. असल्या माळावर दोन महिने पोलिसांना एक माणूस सापडत नव्हता. मग अब्रू राखायला साहेबांनी पेपरवाल्यांकडून जंगल उगवून घेतलं.

तो माणूस माझा धाकटा भाऊ.

त्यानं माणूस मारला होता, हेही सांगते. दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. पाणी आलं, पिकं उभी राहिली आणि लोकांना पुन्हा बांध दिसायला लागले. बांधावरून भांडणं सगळीकडे होतात. लोक कोर्टात जातात, फार तर काठ्या काढतात. यानं रानडुकरांसाठी वडिलांच्या वेळेपासून घरात असलेली ठासणीची बंदूक आणली आणि शेजारच्या शेतकऱ्याच्या पोटात बार घातला. त्या माणसाला सोलापूरला सिव्हिलमध्ये नेलं, पण तो वाचला नाही. त्याची बायको माझ्या बरोबरीची, आम्ही एकाच ओढ्यावर धुणी धुतलेली. त्यामुळे भावाची वकिली करायला मी बसलेली नाही. तो त्याच दिवशी ठाण्यात हजर झाला असता तर पुढचं सगळं टळलं असतं. तो बंदूक आणि दारूगोळ्याची पिशवी घेऊन माळावर पळाला, आणि घरात मागं राहिली एकटी अव्वा. आमच्यात आईला अव्वा म्हणतात. कानडी मुलूख शेजारीच, आणि अव्वा तर घरात कानडीच बोलायची.

माळावर तो कसा राहत होता याच्या त्या वेळी लोकांनी काय काय कहाण्या केल्या. कुणी म्हणे त्याला मंत्र येतो, कुणी म्हणे तो वाऱ्यावर जगतो. मला हसू यायचं आणि रागही यायचा. मंत्र कसला? लहानपणी आम्ही दोघांनी शेळ्या राखल्या होत्या. ओढ्याची वाळू कोपरभर उकरली की झिरा लागतो, पाणी गाळून प्यायचं. निवडुंगाची लाल बोंडं मातीत घोळली की काटे जातात. घोड्याच्या शेपटीच्या केसांचा फास लावला की तितर अडकतो. पावलं लपवायची तर कळपाच्या पुढं चालायचं, मागून शेळ्यांचे खूर सगळं पुसत येतात. हे मलाही येत होतं, त्याच्याआधी येत होतं, कारण त्याला मीच शिकवलं. पण माझं लग्न झालं, रेल्वेच्या गँगमनशी, आणि मी होटगीच्या क्वार्टरमध्ये भाकऱ्या थापायला लागले. तीच विद्या त्याच्या हातात बंदुकीबरोबर राहिली तर तो वाघ झाला.

पोलिसांचं काय सांगू. गावच्या शाळेत त्यांनी मुक्काम ठोकला, शाळा बंद. माळावर जायला बंदी, म्हणून शेळ्या दावणीला उपाशी ओरडायच्या. कडब्याच्या गंजी संगिनींनी भोसकून झाल्या. एकाचा उभा ऊस, आत लपला असेल म्हणून पेटवून दिला. आतून दोन ससे आणि एक रानमांजर बाहेर पडलं. कुत्रं आणलं होतं, ते ओढ्यापर्यंत गेलं आणि पाण्यात बसलं. मग पारध्यांच्या पालावरची दोन माणसं माग काढायला धरून आणली. माग सापडेना तेव्हा तुम्ही त्याला सामील आहात म्हणून त्यांनाच गुरासारखं मारलं. त्यांचा आणि माझ्या भावाचा काडीचा संबंध नव्हता. माळ माहीत असणं हाच त्यांचा गुन्हा. आणि बायकांना पहाटे परसाकडं जायचं तर बंदूकवाले शिपाई माळाच्या कडेनं उभे. गावातल्या बायका माझ्या अव्वाला त्याबद्दल शिव्या द्यायच्या. शिपायांना कोण देणार?

अव्वाला त्यांनी दुसऱ्याच आठवड्यात उचललं. गुन्हा काय, तर आई आहे. कागदावर काही नाही, कोर्टापुढं उभं केलं नाही. ठाण्याच्या मागच्या पडवीत फरशीवर बसवून ठेवलं. मी गाडीनं जायची, भाकरी-आमटी घेऊन. फौजदार माझ्याकडे बघायचाही नाही. फायलीत डोकं ठेवूनच म्हणायचा, “भाऊ हजर झाला की आई घरी.” ठरलेलं उत्तर. एकदा मी म्हणाले, “सायेब, तिनं काय केलंय?” तर म्हणाला, “तिनं त्याला जन्म दिलाय.” आजूबाजूचे शिपाई हसले. मी हातातला डबा घट्ट धरला, नाहीतर तो त्याच्या डोक्यात बसला असता.

अव्वा मात्र तक्रार करायची नाही. पडवीत तिनं झाडू मागून घेतला होता, सकाळी ती ठाणं झाडायची. मी म्हणायची, कशाला झाडतीस त्यांचं? ती म्हणायची, “बसून कंबर धरती बाई.” तिच्या छातीत तेव्हाच घरघर सुरू झाली होती. मी घोंगडं नेलं तर ते तपासायला ठेवून घेतलं आणि परत दिलंच नाही.

दिवाळी आली. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी फौजदार स्वतः जीप घेऊन आमच्या क्वार्टरवर आला. माझे यजमान ड्युटीवरून नुकतेच आले होते, ते उठून उभे राहिले. फौजदार पहिल्यांदाच माझ्याशी नीट बोलला. ताई म्हणाला. भाऊ दरवर्षी भाऊबीजेला येतो ना, असं विचारलं. गावात विचारपूस करूनच आला होता, नाही म्हणण्यात अर्थ नव्हता. माझा भाऊ एक भाऊबीज चुकला नव्हता. दुष्काळात हाताला काही नव्हतं तेव्हाही पदरात ओंजळभर बोरं घालून गेला होता. मीही तो येईपर्यंत जेवत नसे.

“मग उद्याही येईल,” फौजदार म्हणाला. “आम्ही इथं असू. साध्या कपड्यात. तू दरवर्षीसारखं सगळं कर. रांगोळी, फराळ, ओवाळणी. आम्ही त्याला धरू, केसाला धक्का लावणार नाही. आणि आईलाही सकाळी इथं आणून सोडतो. तो सापडला की आई तुझ्याकडेच राहील.”

“आनि न्हाय आला तर?”

“तर संध्याकाळी परत.”

माझ्या यजमानांकडे बघून तो पुढं म्हणाला, “रेल्वेची नोकरी आहे तुमची. जपा.”

खरं सांगते, त्या रात्री मी मनातून भावाला बोलावत होते. येऊ दे, धरू देत, घालू देत बेड्या. माणूस मारलाय तर भोग म्हणावं. अव्वा कशाला भोगतीय? ठाण्याची फरशी झाडायला ती काय बंदूक घेऊन फिरत होती? तो दारात आला असता तर मीच त्याचा कान धरून फौजदाराच्या हातात दिला असता. इतका राग होता माझा. आणि फौजदारानं केसाला धक्का लावणार नाही म्हटलेलं मी धरून बसले होते.

सकाळी अव्वाला आणलं. जीपमधून उतरताना तिला पाय टेकवता येईना. मी तिला न्हाऊ घातलं, वेणी घातली. न्हाऊन ती सरळ चुलीपाशी गेली आणि करंज्या करायला बसली, जणू मी एकटी कामात बुडालेय आणि ती मदतीला आलीय. चार शिपाई गँगमनचे निळे शर्ट घालून अंगणात हिंडत होते. दोघं कोळशाच्या खोपटात बसले होते. हे खोपटं आमच्या खिडकीच्या अगदी समोर. मागच्या दारातून पश्चिमेला सगळा माळ दिसायचा, तुरीच्या शेतापासून आभाळापर्यंत. भाऊ नेहमी त्याच बाजूनं यायचा.

दुपारनंतर मी पाट मांडला. भोवती रांगोळी काढली. पाट मांडायचा तो पूर्वेकडे तोंड होईल असा, हे कुणी सांगायला लागत नाही. फौजदार आत आला, पाटाकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, आणि बुटानं पाट फिरवला. रांगोळी फिसकटली. आता बसणाऱ्याचं तोंड दक्षिणेला आणि छाती बरोबर खिडकीसमोर.

मी म्हणाले, “सायेब, दक्षिणेला तोंड करून आमच्यात कुनी जेवायला बी बसत न्हाय.”

तो म्हणाला, “आज बसेल.”

एवढंच म्हणाला आणि बाहेर गेला. मी खिडकीतून बघितलं. कोळशाच्या खोपटात एकानं बंदूक पोत्यावर टेकवून नळी खिडकीच्या उंचीला लावली होती, आणि दुसरा मागून वाकून नेम बघत होता. धरायचं असतं तर दोरी आणली असती, बेड्या आणल्या असत्या. सबंध घरात मला बेडी दिसली नाही. माझ्या हातचं कुंकू त्याच्या कपाळाला लागलं की तिथंच त्याला उडवायचं ठरलं होतं. मी तोंडात पदर कोंबला, कारण मला ओरडायचं होतं आणि ओरडून उपयोग नव्हता. भाऊबीज तरी सोडायची होती रे मेल्यांनो, एवढंच माझ्या मनात फिरत होतं.

अव्वानं पाट बघितला होता. ती झाऱ्यानं करंज्या उलटत होती, मान वर न करता कानडीत बोलली. दारात बसलेला शिपाई नगरकडचा होता, त्याला त्यातलं काही कळत नव्हतं. अव्वा म्हणाली, “बरबारदु.” येता कामा नये. मी म्हणाले, अव्वा, तो आला नाही तर तुला परत नेतील. ती म्हणाली, नेऊ देत, मला तिथली सवय झालीय. मग म्हणाली, तुला मोठी केली ती कशाला? काहीतरी कर.

“काय म्हणते म्हातारी?” शिपायानं विचारलं.

“तेल कमी हाय म्हंती,” मी सांगितलं.

करणार काय? माळाकडे जायला बंदी. हाक मारली तर पहिली गोळी मला. सूर्य टेकत आला होता आणि तो त्या तुरीत कुठंतरी पालथा पडून घराकडे बघत असणार हे मला पक्कं माहीत होतं. अंधार पडायच्या तोंडाला तो यायचा. माझ्या हातात होतं काय, तर ओवाळणीचं ताट.

माझ्या माहेरच्या गावात भाऊबीजेला चंद्राला ओवाळते ती फक्त बिनभावाची बाई. भाऊ नाही, म्हणून चंद्राला भाऊ मानायचं. ज्या घरात भाऊ आहे तिथल्या लेकीनं ताट चंद्राकडे नुसतं उचललं तरी म्हाताऱ्या हातावर मारायच्या, भावाचं वाईट चिंततीस का म्हणायच्या. भावालाही हे ठाऊक होतं. आम्ही दोघांनी तो मार खाल्ला होता, एकदा खेळताना. पण सगळीकडे तसं नसतं. कितीतरी घरांतून भाऊ असला तरी आधी चंद्राला ओवाळतात आणि मग त्याला. फौजदार कुठला, त्याच्याकडे काय पद्धत, मला काय माहीत? विचारायला वेळ नव्हता. मी निरांजन लावलं, ताट उचललं आणि मागच्या दाराकडे निघाले.

फौजदार आडवा आला. “कुठं?”

“चंद्राला ओवाळायचं असतंय आधी.”

तो बाजूला झाला. “आमच्या घरीही आधी चंद्रालाच ओवाळतात,” तो म्हणाला. “जा. लवकर आटप.” त्याच्याही घरी त्या दिवशी बहीण वाट बघत असेल. ते ऐकून मला त्याची दया यायला हवी होती, पण आला तो रागच. स्वतःला ओवाळून घेणारा माणूस दुसऱ्याच्या पाटावर नेम धरतो कसा?

अंगणात धुणं धुवायचा दगड होता. मी त्यावर चढले. पश्चिमेला नखाएवढी कोर दिसत होती. वारा होता, पदराच्या आडोशानं ज्योत सांभाळली आणि मग पदर सोडून ताट डोक्याच्या वर नेलं, हात जातील तेवढं वर. सावकाश ओवाळलं. एकदा, दोनदा, पुन्हा. समोर माळ गप्प होता. मनात मी म्हणत होते, मला भाऊ नाही. ऐकतोस का रे भाड्या, मला भाऊ नाही, तू मेलास, जा. हे मी त्याला वाचवायला म्हणत होते आणि तेवढंच खरोखर म्हणत होते. अव्वा आतून सगळं बघत होती.

तो आला नाही.

कोर मावळली. शिपाई पेंगायला लागले. फौजदार घड्याळ बघत राहिला आणि शेवटी त्यानं ओवाळणीच्या ताटाला लाथ घातली. सुपारी अजून कुठल्या कोपऱ्यात असेल. तुरीचं शेत त्यांनी बॅटऱ्या लावून विंचरलं, त्यात त्यांना दबलेलं गवत तेवढं सापडलं. येऊन शिपाई स्वैपाकघरात बसले आणि अव्वानं केलेल्या करंज्या त्यांनी खाल्ल्या. एक जण तर त्या दक्षिणेकडे फिरवलेल्या पाटावरच मांडी घालून बसला. अव्वानं त्याला विचारून आणखी दोन वाढल्या. ते बघून भिंतीवर डोकं आपटायचं तेवढं बाकी होतं.

जीपमध्ये बसताना तिनं माझा हात धरला आणि कानडीत सांगितलं, मी आज इथं होते हे त्याला कधी सांगू नकोस, त्याला जन्मभर लागेल. मी हो म्हणाले. माझ्या हातावर हात ठेवून तिनं ते वदवून घेतलं.

कडाक्याची थंडी पडली तेव्हा भावाची बंदुकीची दारू संपली होती. गावच्या चार जाणत्यांनी मध्ये पडून त्याला वकिलाबरोबर थेट सोलापूरच्या कोर्टात उभा केला, म्हणजे वाटेत कुणी गोळी घालायला नको. तो हजर झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी अव्वाला सोडलं. ‘सोडलं’ हा शब्द त्यांचा. पकडलं होतं असं कुठं लिहिलेलंच नव्हतं. मी तिला होटगीला आणलं. छातीची घरघर गेली नाही. संक्रांतीनंतर थोड्याच दिवसांत ती गेली. भावाला तुरुंगात कळवलं, म्हातारपणानं गेली. म्हातारपण कसलं? पन्नाशीचीही नव्हती.

जन्मठेप भोगून तो सुटला. लग्न केलं, आता गावात लिंबाखाली बसतो. पोरं त्याच्याभोवती जमतात. ज्याला मारलं त्याची बायको त्याच गल्लीत राहते, तिच्या दारावरून तो मान खाली घालून जातो, एवढी अक्कल त्याला आली. पण गोष्टी सांगायला बसला की ती अक्कल जाते. झिरा, फास, बोंडं, शेळ्यांचे खूर, सगळं सगळं सांगतो. कुणी शिकवलं ते सांगत नाही.

मागच्या उन्हाळ्यात मी माहेरी गेले होते. मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा एक पोरगा त्याला विचारत होता, “काका, भाऊबीजेला पोलीस घरात दबा धरून बसल्यात हे तुमाला कसं कळलं?”

“टिटवी,” भाऊ म्हणाला. “त्या रुळाकडंच्या टिटव्या रोज सांजच्याला वरडायच्या. त्या दिवशी लई गप. मी म्हनलं, हितं मानूस हाय. रानाची भाषा कळाय लागती, पोरांनो.”

पोरं खूश झाली. मी चहाचा ट्रे हातात घेऊन उभी होते. मी विचारलं, “दिवा दिसला न्हवता व्हय रे तुला?”

“दिसला की, आक्का. पन तुझ्या दिव्याच्या आदीच मला कळलं हुतं.”

इतकी वर्षं गप्प राहिले होते मी. शब्द दिला होता, पाळला होता, पुढंही पाळला असता. तो चुकलो म्हणाला असता, विसरलो म्हणाला असता, तरी पाळला असता. पण टिटवी? माझ्या अव्वानं फरशीवर छाती फोडून घेतली आणि नाव टिटवीचं?

“टिटवी न्हवं,” मी म्हणाले. “अव्वा.”

तो हसला. “अव्वा तर ठाण्यात हुती की तवा.”

“माझ्या घरात हुती. करंज्या तळत हुती. तू सापडला असतास तर घरीच ऱ्हायली असती. ती म्हनली, त्याला येऊ दिऊ नगं. तू आला न्हाईस, म्हनून तिला जीपमध्ये घालून परत नेली. घोंगडं बी न्हवतं तिच्याकडं. त्या थंडीनं गेली ती.”

पोरं एकेक करून उठली. मग भावाचं तोंड वाकडं झालं आणि तो रडायला लागला, हुंदके देऊन, एवढा सत्तरीला आलेला माणूस. लहानपणी तो असा रडायला लागला की मी त्याला उगी करायची, डोकं मांडीवर घेऊन. त्या दिवशी नाही केलं.